वाचकांना विचारून वाढलेल्या मालिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही आठवडे मांगाबद्दल, म्हणजे जपानी चित्रमालिकांबद्दल, पत्रं येत आहेत. बहुतेक पत्रं पालकांची आणि शिक्षकांची आहेत आणि त्यांचं म्हणणं साधारण एकच आहे: मारामारी, भडक चित्रं आणि टीव्हीवरची कार्टून्स यांमुळे मुलं या पुस्तकांच्या नादी लागतात. मी डोंबिवली पूर्वेला सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवते. सासऱ्यांनी ती सुरू केली तेव्हा रहस्यकथा आणि दिवाळी अंकांवर ती चालायची. आज सातवी ते बारावीची मुलं आली की बहुतेक वेळा मांगाच मागतात. कोणी कोणता भाग नेला, कितव्या भागावर सोडून दिलं, कोणता भाग घरोघर फिरून पुठ्ठा निघून परत आला, हे सगळं माझ्या रजिस्टरात दिसतं. म्हणून मलाही लिहावंसं वाटलं.

नुसत्या मारामारीवर पुस्तक चालत असतं, तर माझ्याकडच्या सगळ्याच मालिका चालल्या असत्या. तसं होत नाही. तलवारी, राक्षस, रक्त ठासून भरलेल्या काही मालिकांचा पहिला भाग मुलं नेतात आणि दुसरा कोणी विचारतही नाही. उलट ज्यात गाई, डुकरं आणि वसतिगृहातली मुलं यांखेरीज काही नाही, अशा मालिकेसाठी एक मुलगी क्लासला जाताना रोज दारातून विचारते, "काकू, नववा आला का?" हा फरक कुठून येतो, याचा मी बराच शोध घेतला. माझं मत असं झालं आहे की ज्या मालिका वाचकांनी उचलून धरल्या, त्या वाचकांना विचारत विचारतच लिहिल्या गेल्या. आणि हे विचारणं कोणा एका चित्रकाराच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नव्हतं. तिथल्या साप्ताहिकांनी त्याची रीतसर पद्धत बसवली.

'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकाचं उदाहरण घेते. शुएइशा या प्रकाशनसंस्थेनं ते 1968 मध्ये काढलं, सुरुवातीला पाक्षिक म्हणून. तेव्हा मुलांच्या बाजारात कोदान्शाचं 'शोनेन मॅगझिन' आणि शोगाकुकानचं 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं आधीच पाय रोवून होती. दोन्ही 1959 च्या मार्चमध्ये एकाच दिवशी सुरू झालेली. नावाजलेले चित्रकार त्यांच्याकडे. उशिरा आलेल्या 'जंप'ला नवख्या पोरांना घेऊनच काम करावं लागलं. नवख्यांपैकी कोण चालेल, हे संपादकांना तरी कसं कळणार? म्हणून त्यांनी वाचकांनाच विचारायचं ठरवलं. अंकात एक पोस्टकार्ड. त्यावर या अंकातल्या सगळ्यात आवडलेल्या तीन मालिका क्रमानं लिहायच्या, स्वतःचं वय लिहायचं आणि टपालात टाकायचं. कार्ड पाठवणाऱ्यांतून सोडत काढून बक्षिसं द्यायची. ही कार्डं मोजली जायची आणि त्यावर मालिकेचं आयुष्य ठरायचं. नव्या मालिकेला साधारण दहा आठवडे मिळायचे. तेवढ्यात वाचक जमले नाहीत तर ती गुंडाळली जायची. अशी कार्डं इतर साप्ताहिकांतही असतात, पण 'जंप'नं ती जितकी मनावर घेतली तितकी बहुधा कोणी घेतली नाहीत. या साप्ताहिकाचं ब्रीद 'मैत्री, प्रयत्न, विजय' असं आहे. तेही प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारूनच निघालं असं सांगतात: मनाला ऊब देणारा शब्द कोणता, सगळ्यात महत्त्वाचा कोणता, सगळ्यात आनंदाचा कोणता.

पहिल्या अंकाच्या 1 लाख 5 हजार प्रती होत्या. 1994 संपता संपता हा आकडा 65 लाख 30 हजारांवर गेला. एका आठवड्याच्या एका अंकाच्या या प्रती. कागद हलका, छपाई बहुतेक एकरंगी, वाचून झालं की रद्दीत. जपायच्या त्या मालिका पुढे सुट्या पुस्तकांच्या रूपात येतात आणि माझ्या कपाटात असतात त्या याच.

कार्डांनी गोष्ट कशी बदलते ते 'ड्रॅगन बॉल'मध्ये दिसतं. आकिरा तोरियामांनी ती 1984 मध्ये सुरू केली. सुरुवातीला ती रमतगमत चाललेली प्रवासाची, हसवणारी गोष्ट होती आणि काही आठवड्यांत तिचा क्रमांक घसरायला लागला. त्यांचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी तोंडावर सांगितलं की तुमचा नायक फिका आहे. हे तोरिशिमा असे, की तोरियामांच्या पहिल्या यशाआधी त्यांनी त्यांची पाचेकशे पानं नापास केली होती. मग दोघांनी बसून ठरवलं, की या मुलाला नेमकं काय हवंय? त्याला बलवान व्हायचंय. बाकीची पात्रं जरा मागे सरली, मुलगा एका म्हाताऱ्या गुरूकडे शिकायला गेला, जोडीला सहाध्यायी आला आणि कुस्तीच्या मैदानासारखी जगभरातल्या मल्लांची स्पर्धा गोष्टीत आली. इथून मालिका चढली ती 1995 पर्यंत, 42 भाग. पुढे तोरिशिमांकडे ही मालिका राहिली नव्हती, तरी एका टप्प्यावर नवे खलनायक पाहून त्यांनी कळवलं की एक म्हातारा आणि एक जाडा, यांना कोण घाबरणार! तोरियामांनी खलनायक बदलले. 2024 च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा माझ्या लायब्ररीत येणाऱ्या मुलांइतकेच त्यांचे वडीलही हळहळले, कारण त्यांनीही ही गोष्ट टीव्हीवर पाहिलेली.

मुलींच्या मालिकांतही हेच झालं. रियोको इकेदा यांनी 1972 मध्ये 'व्हर्सायचा गुलाब' सुरू केला तो फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची कहाणी म्हणून. त्यात राणीच्या रक्षकदलाची प्रमुख ऑस्कर, मुलगा म्हणून वाढवलेली एक तरुणी, हे पात्र होतं. वाचणाऱ्या मुलींना राणीपेक्षा ऑस्कर भावली आणि बघता बघता कहाणी तिची झाली. आजही ती मालिका म्हटली की लोकांना आधी ऑस्करच आठवते.

एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' 1997 च्या जुलैत सुरू झाली, शंभराहून अधिक भाग झाले, आणि 2022 पर्यंत तिच्या 50 कोटींवर प्रती निघाल्या होत्या. तिच्या सुट्या भागांत वाचकांच्या प्रश्नांची पानं असतात. मुलं काहीही विचारतात, ओदा उत्तरं देतात. कित्येक पात्रांचे वाढदिवस वाचकांनीच सुचवले आणि ओदांनी ते मान्य केले. प्रकरणाच्या पहिल्या पानावर कोणतं चित्र काढावं हेही वाचक सुचवतात: अमुक पात्र अमुक प्राण्याबरोबर अमुक करताना दाखवा. चित्राखाली सुचवणाऱ्याचं टोपणनाव छापलं जातं. एखाद्या खेड्यातल्या दहा वर्षांच्या पोरानं हे सुचवलं आणि लाखो लोकांनी ते चित्र पाहिलं, तर तो पोरगा ती मालिका अर्ध्यावर सोडेल का? माझ्याकडच्या एका आठवीतल्या मुलानं चार भाग एकदम नेले आणि आधी प्रश्नोत्तरांची पानंच वाचून काढली. गोष्ट नंतर.

वाचकाचा जीव किती गुंतू शकतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण याहून जुनं आहे. 'उद्याचा जो' ही मुष्टियोद्ध्याची मालिका 1968 पासून 'शोनेन मॅगझिन'मध्ये येत होती. लेखन इक्की काजिवारा यांचं, चित्रं तेत्सुया चिबा यांची. त्यात नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी झुंजीनंतर मरतो. 24 मार्च 1970 रोजी कोदान्शाच्या सभागृहात या काल्पनिक माणसाचा अंत्यविधी झाला. कवी आणि नाटककार शुजी तेरायामा यांनी पुढाकार घेतला होता, सातशेच्या आसपास लोक आले. नायकासाठी लोक रडतात हे आपण पाहिलं आहे. पण इथं हरवायचा होता तो माणूस गेला म्हणून लोक आले! आठवड्यामागून आठवडा, थोडी थोडी पानं वाचत दोन वर्षं सोबत काढली की प्रतिस्पर्धीही घरचा होतो. एका बैठकीत संपणाऱ्या पुस्तकाला ही सोबत जमत नाही.

आता, मतं मोजली की चांगली गोष्ट आपोआप तयार होते असं मी म्हणत नाही. त्याच 'जंप'मध्ये 1973 साली केइजी नाकाझावा यांची 'अनवाणी गेन' सुरू झाली. नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्यात वडील आणि भावंडं गेली. ते पाहिलेलं त्यांनी मुलांच्या साप्ताहिकात मांडलं, जळालेली माणसं, भूक, सगळं. हे छापायची हिंमत पहिले मुख्य संपादक तादासू नागानो यांनी केली. वर्षभरानं ती मालिका 'जंप'मधून बाहेर पडली आणि इतर नियतकालिकांतून पुढे चालली, दहा भाग पूर्ण झाले आणि जपानमधल्या शाळांच्या वाचनालयांत पोचली. जी गोष्ट मुलांनी मागितलेली नसते तीही त्यांच्यापुढे ठेवायची, एवढं धाडस संपादकाकडे हवंच. मारामारीची तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी 'गेन' जरूर वाचावी. हिंसा मुलांना कशी दाखवायची यावर मग आपलं बोलणं वेगळ्या पातळीवर होईल.

आणि या पद्धतीची किंमत चित्रकार मोजतात. दर आठवड्याला एकोणीसच्या आसपास पानं, वर्षानुवर्षं. 'हंटर हंटर'चे योशिहिरो तोगाशी यांनी 2022 मध्ये वाचकांना सांगितलं की पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं खुर्चीत बसता येत नव्हतं, म्हणून काम होऊ शकलं नाही. वाचक थांबले, हे त्यांचं भाग्य. पण माणसाला इतकं झिजवणारं वेळापत्रक आपण जसंच्या तसं उचलू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

मुलं या पानांत काय शोधतात, हे मी रोज पाहते त्यावरून सांगते. 'हाइक्यू' ही हारुइची फुरुदाते यांची व्हॉलीबॉलवरची मालिका, 2012 ते 2020, 45 भाग. नायक बुटका. पण माझ्याकडे व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली ती नेतात तेव्हा नायकाबद्दल फार बोलत नाहीत. त्यांना एक प्रकरण लक्षात असतं ज्यात पहिल्याच फेरीत हरलेला एक साधा संघ आहे. कथेच्या दृष्टीनं त्या संघाचं काम संपलेलं असतं. तरी लेखक त्यांच्यासोबत थांबतो, ती मुलं कशी घरी जातात, आम्हीही खेळलो हे स्वतःशी कसं म्हणतात, ते दाखवतो. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांत बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाहेर पडतात. त्यांच्याबद्दल कोणी दोन पानं लिहिली, हे त्यांना आतून लागतं. एका मुलीनं तो भाग परत करताना मला ती पानं उघडून दाखवली आणि काही न बोलता उभी राहिली. मी ती वाचली, मग तिचा भाग आणखी एक आठवडा तिच्याच नावावर ठेवला.

गाई-डुकरांची म्हटलं ती मालिका 'सिल्व्हर स्पून'. हिरोमु आराकावा होक्काइदोच्या दूध-व्यवसाय करणाऱ्या घरातल्या; चित्रकार होण्याआधी सात वर्षं त्यांनी घरच्या शेतावर काम केलं. मालिकेतला मुलगा शहरातला, अभ्यासाच्या आणि वडिलांच्या धाकानं पिचलेला, घरापासून लांब जायचं म्हणून कृषी शाळेच्या वसतिगृहात येतो. डुकराच्या एका अशक्त पिलाला तो नाव देतो, वाढवतो, आणि ते कत्तलखान्यात जाणार हे माहीत असताना वाढवतो. शेवटी स्वतःच्या कमाईनं त्याचं मांस विकत घेतो. यात मारामारी नाही, जादू नाही. पण दहावीच्या क्लासला सकाळी सहाला निघणाऱ्या मुलीला त्या मुलाचं पिचणं कळतं, आणि जिच्या आजोळी साताऱ्याकडे गोठा आहे तिला गाईचं अडलेलं वेत कळतं. आराकावांना हे सगळं हातानं केलेलं ठाऊक आहे, हे पानापानावर जाणवतं. मुलांना खोटं लगेच ओळखू येतं.

ताकेहिको इनोउए यांची बास्केटबॉलवरची 'स्लॅम डंक' (1990 ते 1996, 31 भाग) याच जातीची. चित्रांत दाखवलेल्या शेवटच्या सामन्याचे अखेरचे क्षण त्यांनी जवळजवळ शब्दांवाचून काढले आहेत, पानांमागून पानं फक्त हालचाल. वाचनाची सवय जाते म्हणणाऱ्यांनी ती पानं मुलांशेजारी बसून पाहावीत. त्या सामन्यात संघ जिंकतो आणि पुढच्याच सामन्यात हरतो, आणि मालिका भरात असताना संपते. पुढे दहा कोटी प्रती झाल्या तेव्हा 2004 मध्ये इनोउएंनी कानागावातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या वर्गांतल्या फळ्यांवर खडूनं पुढची गोष्ट काढली, वाचकांचे आभार म्हणून.

टीव्हीमुळे मुलं वळतात, हे खरं आहे. 2025 च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा चित्रपट आपल्याकडे लागला, पहाटेचे खेळ झाले आणि त्या आठवड्यात माझ्याकडे तिच्या भागांसाठी नावं लिहून ठेवावी लागली. पण कोयोहारू गोतोगे यांची ही मालिका 2016 च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि ॲनिमेशन आलं 2019 च्या एप्रिलमध्ये. मधली तीन वर्षं ती केवळ साप्ताहिकाच्या वाचकांच्या कौलावर जिवंत राहिली. दहाव्या आठवड्याला बंद पडली असती, तर चित्रपट कशावर काढला असता?

नुसतं टीव्हीवर आणून काय होतं याचं उदाहरण मुंबईचंच आहे. बेसबॉलवरची एक जुनी, गाजलेली मांगा घेऊन 2012 मध्ये 'सूरज: द रायझिंग स्टार' नावाची हिंदी ॲनिमेशन मालिका आली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, तोक्योच्या जागी मुंबईची वस्ती. माझ्याकडे येणाऱ्या एकाही मुलाला ती आठवत नाही. त्याच मुलांना दोराएमॉन तोंडपाठ आहे. फुजिको एफ. फुजिओ यांचा दोराएमॉन मुळात शोगाकुकानच्या इयत्तावार मासिकांत यायचा, आणि पहिलीच्या मुलांसाठी वेगळी गोष्ट, चौथीच्यांसाठी वेगळी गोष्ट अशा काळजीनं तो काढला जायचा. कोण वाचणार आहे हे ठरवून काढलेली गोष्ट देश ओलांडूनही पोचली. खेळ आणि शहर बदलून आणलेली पोचली नाही. माझ्या मते फरक इथं आहे.

संपादक महोदय, आपण आठवड्याला मुलांसाठी पुरवणी काढता. त्यात गोष्टी असतात, कोडी असतात, पण प्रत्येक गोष्ट त्याच पानावर संपते, आणि ती मुलांना आवडली का, हे कोणी विचारत नाही. पालक विचारतात की मुलं मराठी का वाचत नाहीत. माझ्या रजिस्टरात मराठी पुस्तकं परत येतात ती चांगल्या अवस्थेत. फार जण नेत नाहीत म्हणून. मांगाचा एक भाग 400-500 रुपयांना पडतो, तोही इंग्रजीत आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा, तरी मुलं वर्गणी काढून घेतात. एवढी तयारी असलेला वाचक घरात असताना त्याला मराठीत पुढचा भाग द्यायला आपल्याकडे काही नसावं, याचं मला वाईट वाटतं.

चित्रकार नाहीत असंही नाही. मुंबईच्या जे. जे., पुण्याच्या अभिनव अशा कला महाविद्यालयांतून दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात. त्यातल्या दोघा-तिघांना पुरवणीत प्रत्येकी दोन पानं द्या आणि क्रमशः चित्रमालिका चालवा. विषय कबड्डीचा असो, लोकलच्या डब्यातला असो, कोकणातल्या होडीवरचा असो. ज्याला जे हातानं माहीत आहे ते त्यानं काढावं. दर महिन्याला एक आठवडा चित्रकाराला सुट्टी द्या. आणि पुरवणीच्या कोपऱ्यात एक कुपन छापा: कोणती मालिका आवडली, कोणतं पात्र पुढे यावं, पुढच्या आठवड्यात काय व्हावंसं वाटतं.

मोबाइलवरून मत मागवणं सोपं पडेल, पण बऱ्याच मुलांकडे स्वतःचा फोन नसतो आणि घरच्यांच्या फोनवरून आलेलं मत घरच्यांचंच असतं. म्हणून कागदी कुपन असावं. कुपनांसाठी पेटी माझ्या काउंटरवर ठेवायला मी तयार आहे. डोंबिवली-कल्याण-ठाण्यातल्या इतर लायब्ररीवाल्यांशीही बोलेन, आणि माझ्याकडची कुपनं दर सोमवारी आपल्या ठाणे कार्यालयात आणून देईन. कुपनावर मुलाचं नाव नसलं तरी चालेल, वय लिहायला जागा मात्र ठेवा.

कळावे,
आपली नम्र,
एक लायब्ररीचालक
डोंबिवली (पूर्व)